वजा एकोणीस

५७८९६०४४६१ ८६५८०९७७११ ७८५४९२५०४३ ४३९५३९२६६३ ४९९२३३२८२० २८२०१९७२८७ ९२००३९५६५६ ४८१९९४९

सत्त्याहत्तर अंक. डोळ्यांना सोपं जावं म्हणून दहा-दहाचे गट पाडले आहेत, पण संख्या एकच आहे आणि ती मूळ आहे. इतकी लांबलचक आम्ही ती कधी लिहीत नाही. २ चा २५५ वा घात वजा १९, एवढं म्हटलं की झालं. ऑफिसात तर नुसतं ‘टू फाइव्ह फाइव्ह वन नाइन’.

पुण्यातल्या एका कंपनीत मी सुरक्षिततेचा कोड लिहिते. मोठ्या सर्व्हरचा नाही. कार्ड घासायची मशिनं, वीजमीटर, दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं यांच्यातल्या बारक्या चिपांचा. अशी दोन यंत्रं पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात तेव्हा मधलं बोलणं कुणालाही ऐकता येतं. तरीही त्या उघड्या बोलण्यातूनच दोघांनी एक गुपित ठरवायचं असतं, आणि ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. हे जमू शकतं हे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवलं. आज त्याचा जो अवतार जगभर वापरात आहे, त्याचा सगळा हिशोब या एका संख्येच्या पोटात चालतो. व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलवरचे निरोप याच संख्येच्या आधाराने बंद होतात. ब्राउझर बँकेच्या संकेतस्थळाशी जोडला जातो तेव्हाही बहुतेकदा हीच संख्या कामाला लागते.

पोटात चालतो म्हणजे काय? बेरीज करा, गुणाकार करा. उत्तराला या संख्येने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. संख्या मूळ असण्याचं महत्त्व इथेच आहे. समजा १५ ने भागून बाकी ठेवायचं ठरवलं, तर ३ गुणिले ५ शून्य होतं. शून्य नसलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्य झाला, की भागाकारावरचा भरवसा संपतो आणि समीकरणं सोडवायचा पायाच खचतो. मूळ संख्येत असं कधी होत नाही. तिथे शून्य सोडून प्रत्येक संख्येने भागता येतं, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चारही निर्धोक चालतात.

नव्याने कामाला लागलेल्या मुलांना एका गोष्टीचं नवल वाटतं: ही संख्या गुप्त नाही. तुमच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये, शत्रूच्या फोनमध्ये तीच आहे. गुपित असतं ते दुसरंच, प्रत्येक यंत्राने स्वतःपुरती निवडलेली एक संख्या. मूळ संख्या म्हणजे सगळ्यांची सामायिक जमीन. म्हणूनच तिच्याबद्दल एकही प्रश्न अनुत्तरित राहू नये असं मला मनापासून वाटतं. सगळं जग ज्या जमिनीवर उभं आहे ती कुणी निवडली, का निवडली, आणि ती भक्कम आहे हे कशावरून, हे कुणालाही तपासता यायला हवं.

मोठी मूळ संख्या म्हटली की लोकांना विक्रम आठवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं शोधून काढलं. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशा, म्हणजे मर्सेन संख्यांचा शोध मला आवडतो, पण कामाच्या दृष्टीने ती संख्या निरुपयोगी आहे, एकदा गुणाकार करायलाही फार वेळ लागेल. आमचे सत्त्याहत्तर अंक त्या मानाने किरकोळ. तरी मोठेपणा कशाला म्हणायचं? या संख्येचं वर्गमूळच ३९ अंकी आहे. एकेक भाजक लावून तपासायचं म्हटलं तर विश्वाचं वय पुरायचं नाही. अशी संख्या डोळ्यांनी पाहून ओळखीची होत नाही. ती कशी वागते हे रोज बघत राहिलं, की होते.

डॅनिएल बर्नस्टाइन यांनी ही संख्या आणि तिच्यावर उभा केलेला वक्र यांचा आराखडा मांडला. त्यांचा लेख २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्याकडे नव्या मुलांच्या प्रशिक्षणात मी तो लेख फळ्यावर उलगडून सांगते. एकदा लातूरहून आलेल्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, वजा १९च का? वजा १ का नाही घेतलं? हिशोब अजून सोपा झाला असता की.”

उत्तर सांगण्याऐवजी मी तिला खडू दिला.

सम संख्या वजा करून उपयोग नाही, कारण उत्तरही सम येणार. उरतात १, ३, ५, ७ अशा विषम संख्या. आधी ३ ने भाग लावून बघू. २ च्या घातांना ३ ने भागलं की बाकी २, १, २, १ अशी आळीपाळीने येते. २५५ विषम, म्हणून बाकी २. मग ३ ने भागून ज्यांची बाकी २ येते त्या ५, ११ आणि १७ वजा केल्या, तर उत्तराला ३ ने निःशेष भाग जाणार. त्या तिन्ही बाद. आता ५ ने भागू. बाक्या २, ४, ३, १ अशा चारांच्या फेऱ्यात फिरतात. २५५ ला ४ ने भागून ३ उरतात, म्हणून बाकी तिसरी, म्हणजे ३. त्यामुळे ३ आणि १३ बाद. ७ ने भागलं तर फेरा तिघांचा, २, ४, १. २५५ म्हणजे पूर्ण ८५ फेरे, बाकी १. तेव्हा १ आणि १५ बाद. १७ चा फेरा आठांचा आहे: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. २५५ ला आठाने भागून ७ उरतात, सातवी बाकी ९. म्हणून ९ वजा केले तर उत्तराला १७ ने भाग जातो.

फळ्यावर १९ च्या खालची एकच विषम संख्या उरली, ७. तिच्यापाशी मुलगी अडली, आणि अडणं बरोबरच होतं. २ चा २५५ वा घात वजा ७ या संख्येला १०० च्या आतल्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. तिथे संगणकाला विचारावं लागतं, आणि तो सांगतो की ही संयुक्त आहे. त्यानंतरची पहिली जागा १९ ची, आणि ती मूळ निघते.

हा हिशोब कुणाही दहावीच्या विद्यार्थ्याला येण्याजोगा आहे. सत्त्याहत्तर अंकी संख्येबद्दल आपण फळ्यावर खडूने निश्चित काही बोलू शकतो याचा मला आजही आनंद होतो. इतक्या मोठ्या संख्यांच्या वस्तीत मूळ संख्या साधारण १७७ मध्ये एक सापडते. विषम तेवढ्याच धरल्या तर ८८ मध्ये एक. इथे ती दहाव्याच विषम जागी भेटली, हे नशीब म्हणायचं. बर्नस्टाइन यांनी आसपासचे उमेदवारही लेखात दिले आहेत: वजा ३१, अधिक ९५, शिवाय २ च्या २५४ व्या आणि २५३ व्या घाताजवळचे काही. १९ सर्वांत लहान, म्हणून १९. निवडीत आवडीनिवडीला जागा उरली नाही.

याचं मोल मला २०१३ नंतर नीट कळलं. अमेरिकेच्या मानकांमध्ये ड्युअल ईसी नावाची यादृच्छिक संख्या निर्माण करायची एक पद्धत होती. तिच्यातले ठरावीक आकडे कुठून आले याचा खुलासा नव्हता. त्यात चोरदार असू शकतं हे संशोधकांनी २००७ मध्येच दाखवलं होतं. स्नोडेन यांची कागदपत्रं बाहेर आल्यावर तो संशय बळावला आणि २०१४ मध्ये ती पद्धत मानकातून काढावी लागली. तेव्हापासून कुठलाही स्थिरांक कोडमध्ये उतरवताना मी आधी त्याचा उगम मागते. वजा १९ चा उगम फळ्यावर मावतो.

आता ही संख्या २ च्या घाताला इतकी चिकटून असण्याचा फायदा काय, ते सांगते. मोठ्या संख्येवर मुलांना धीर येत नाही, म्हणून मी तिची एक धाकटी बहीण शोधून ठेवली आहे: १३. तेरा म्हणजे २ चा चौथा घात वजा ३. थोरलीचे बहुतेक गुण धाकटीत उतरले आहेत, आणि धाकटीचा हिशोब बोटांवर होतो.

१०० ला १३ ने भागून बाकी हवी आहे. भागाकार न करता काढायची. १०० म्हणजे ६ सोळा आणि वर ४. १६ ची बाकी ३ आहे, तेव्हा प्रत्येक सोळाच्या जागी ३ ठेवा: ६ त्रिक १८, अधिक ४, झाले २२. पुन्हा तेच: २२ म्हणजे एक सोळा आणि ६. ३ अधिक ६, नऊ. १०० ला १३ ने भागून ९ च उरतात. थोरलीतही असंच: २ चा २५५ वा घात दिसला की त्याच्या जागी १९ ठेवायचे. दोन संख्यांच्या गुणाकारात २५५ बिटांच्या वर जे सांडतं, त्याला १९ ने गुणून खाली मिळवून टाकायचं. संगणकाला भागाकार फार महाग पडतो, त्यातून आमच्या चिपांमध्ये तो अगदीच मंद. इथे भागाकाराची गरजच उरत नाही, १९ ने गुणलं की काम झालं.

२५५ म्हणजे ५ गुणिले ५१. चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरवर संख्येचे ५१ बिटांचे पाच तुकडे करतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर १३ बिट मोकळे राहतात. त्या मोकळ्या जागेत हातचे साठवता येतात, दर बेरजेला पुढे सरकवावे लागत नाहीत. आमच्या बत्तीस बिटांच्या चिपवर दहा तुकडे करावे लागतात, एक २६ चा, एक २५ चा, असे आलटूनपालटून. १९ लहान असल्यामुळे त्याने गुणूनही आकडे जागेबाहेर जात नाहीत. तिथे ९७७ सारखं काही असतं, तर हातच्यांसाठी जागाच पुरली नसती. बिटकॉइनच्या मूळ संख्येत नेमकी तशी ९७७ आहे: २ चा २५६ वा घात वजा २ चा ३२ वा घात वजा ९७७. तिच्यावरही काम केलंय. तीही चांगली आहे, पण हात तिच्यात इतका सहज चालत नाही.

भागाकार टाळला म्हणते आहे खरी, पण तो एका ठिकाणी टळत नाही. हिशोबाच्या शेवटी एका संख्येचा व्यस्त काढावा लागतो, म्हणजे तिला कशाने गुणलं की बाकी १ येईल ते शोधायचं. आपल्याकडे याची जुनी रीत आहे, कुट्टक. आर्यभटाच्या ग्रंथात ती आहे आणि ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत ती विस्ताराने शिकवली. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. म्हणजे मी आज चिपवर जो हिशोब लिहिते, तो खानदेशात आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थी घोकत होते. ते शिकवताना माझा ऊर भरून येतो, हे लपवत नाही.

तरीही आमच्या चिपवर कुट्टक चालत नाही, आणि त्याचं कारण फार शिकण्यासारखं आहे. १३ आणि ५ घेऊन कुट्टक करा: १३ ला ५ ने, ५ ला ३ ने, ३ ला २ ने भागा, तीन पायऱ्या. १३ आणि १२ घ्या: एका पायरीत संपलं. पायऱ्यांची संख्या आत घातलेल्या संख्येवर ठरते. संख्या गुपिताशी जोडलेली असेल, तर लागलेल्या वेळावरून बाहेरच्याला गुपिताचा माग लागू शकतो. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये नुसता वेळ मोजून चाव्या कशा काढता येतात ते दाखवलं, आणि तेव्हापासून आमच्या धंद्यातला पहिला नियम झाला: गुपित कुठलंही असो, वेळ तेवढाच लागला पाहिजे.

इथे संख्येचं मूळपण धावून येतं. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की मूळ संख्या १३ असेल तर शून्य सोडून कोणत्याही संख्येच्या बाराव्या घाताची बाकी १ येते. मग अकरावा घात हाच व्यस्त. ५ चा वर्ग २५, त्याची बाकी वजा १. दहावा घात म्हणजे वजा १ चा पाचवा घात, पुन्हा वजा १. अकरावा वजा ५, म्हणजेच ८. आणि ५ गुणिले ८ चाळीस, बाकी १. बरोबर. थोरलीत घातांक २ चा २५५ वा घात वजा २१. आकडा प्रचंड दिसतो, पण वर्ग करत करत गेलं की २५४ वर्ग आणि ११ गुणाकारांत तिथे पोचता येतं. गुपित काहीही असो, तेच २५४ आणि तेच ११. ऑसिलोस्कोप लावून चिपची वीज मोजली तरी पायऱ्यांची संख्या बदललेली दिसत नाही. सतराव्या शतकातल्या सिद्धांताने विजेच्या रेघेवर अशी शिस्त आणावी, हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नव्हते.

वर्गमूळाची गोष्ट याहून सुंदर आहे. डिजिटल सहीत वक्रावरच्या बिंदूचा एकच निर्देशांक पाठवतात. दुसऱ्याचं फक्त चिन्ह कळवतात, तेही बत्तीस बाइटांत जो एक बिट रिकामा उरतो त्यात बसवून. घेणाऱ्याने वर्गमूळ काढून दुसरा निर्देशांक परत मिळवायचा. बाक्यांच्या जगात वर्गमूळ कसं काढायचं? मूळ संख्येला ८ ने भागून काय उरतं, यावर सगळं अवलंबून आहे. थोरलीचे शेवटचे तीन अंक ९४९, आठाने भागून उरतात ५. तेराचेही ५ च.

बाकी ५ असली की वजा १ लाही वर्गमूळ असतं, आणि २ ला नसतं. तेरात ८ चा वर्ग ६४, म्हणजे पासष्टाला एक कमी: ८ हे वजा १ चं वर्गमूळ. आता १० चं वर्गमूळ काढू. मूळ संख्येत ३ मिळवून आठाने भागायचं: १६ भागिले ८, दोन. १० चा दुसरा घात १००, बाकी ९. नऊ हे उत्तर आहे का? ९ चा वर्ग ८१, बाकी ३, म्हणजे वजा १०. चिन्ह चुकलं. मग ९ ला ८ ने गुणा: ७२, बाकी ७. सात साती एकोणपन्नास, त्यातून ३९ गेले, दहा राहिले. झालं. १० च्या जागी ३ असते तर पहिल्याच फेरीत उत्तर आलं असतं. एक घात, फार तर एक गुणाकार, बस्स. अमेरिकन मानकातल्या पी-२२४ या वक्राची मूळ संख्या वजा १ केली की २ च्या ९६ व्या घाताने भागली जाते. तिथे वर्गमूळ काढायला टोनेली-शँक्सची लांबच लांब वाट तुडवावी लागते. एकीची बाकी ५ आणि दुसरीची १, एवढ्याने कोडची लांबी आणि धोका किती बदलतो, हे हाताने लिहिल्याशिवाय उमगत नाही.

या संख्येचा एक गुण त्रास देतो, तोही सांगायला हवा. २५५ बिटांत २ च्या २५५ व्या घाताच्या खालच्या सगळ्या संख्या मावतात. आपल्याला हव्यात फक्त मूळ संख्येखालच्या. मधल्या १९ जागा जास्तीच्या. तेरात पाहा: चार बिटांत ० ते १५ मावतात, पण १३, १४, १५ म्हणजे पुन्हा ०, १, २. तसंच थोरलीत ० ते १८ यांना प्रत्येकी दोन रूपं आहेत. गुपित ठरवण्याच्या पद्धतीचं मानक, २०१६ चं, सांगतं की दुसरं रूप आलं तरी स्वीकारा. सहीच्या मानकात ते नाकारायला सांगितलं आहे. एका ग्राहकाच्या दोन यंत्रणांपैकी एक असली सही मान्य करी आणि दुसरी फेटाळी; दोन्ही आपापल्या परीने ठाम. भांडण मिटवायला आम्हाला या १९ रूपांची यादी करून प्रत्येकाची चाचणी लिहावी लागली. आता ती यादी आमच्या प्रत्येक प्रकल्पात पहिल्या दिवशी टाकली जाते.

दोन रूपांचं एक करायचं, तेही ‘जर-तर’ न वापरता, कारण ‘जर-तर’ मध्ये वेळ बदलतो. त्याची रीत अशी: संख्येत १९ मिळवून पाहायचं, वरचा बिट उगवला तर तो १, नाही तर ०. त्या १ किंवा ० ला १९ ने गुणून मूळच्या संख्येत मिळवायचं आणि वरचा बिट टाकून द्यायचा. तेरात १४ घ्या. ३ मिळवले, १७. वरचा बिट १. १४ अधिक ३, त्यातले १६ टाकले, उरला १. चौदाचं खरं नाव १ च.

मागे एका ग्राहकाकडून सुरक्षा तपासायला एक वयस्क गृहस्थ आले होते. कागदपत्रं चाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ही मूळ आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?” इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला.

फर्माच्या सिद्धांताची कसोटी लावली आणि बाकी १ आली, एवढ्याने सिद्ध होत नाही. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी २ घेऊन केलेल्या त्या कसोटीत ती उत्तीर्ण होते. मिलर-रेबिन कसोटी जास्त कडक आहे. दर फेरीला फसण्याची शक्यता चारात एकाहून जास्त नाही, म्हणून पुरेशा फेऱ्या केल्या की व्यवहारात शंका उरत नाही. पण गृहस्थ पुरावा मागत होते. मी त्यांच्यासमोर मूळ संख्येतून १ वजा केला आणि अवयव लिहिले: ४ गुणिले ३ गुणिले ६५१४७ गुणिले एक ७१ अंकी मूळ संख्या. १९१४ मध्ये पॉकलिंग्टन यांनी दाखवलं की अशा वेळी २ घेऊन दोन हिशोब तपासले आणि ते जुळले, तर आपल्या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला त्या ७१ अंकी संख्येने भागून १ च उरला पाहिजे. म्हणजे असा विभाजक ७१ अंकांहून लहान असू शकत नाही. पण संख्या संयुक्त असती तर तिचा एखादा विभाजक ३९ अंकांत मावायला हवा होता. तसा कुणी शक्यच नाही, म्हणून ती मूळ.

“आणि ती ७१ अंकी मूळ आहे हे कशावरून?” त्यांनी लगेच विचारलं. तिच्यातूनही १ वजा करायचा, तिचेही अवयव पाडायचे, आणि असं उतरत उतरत इतक्या लहान संख्यांपाशी यायचं की त्या हाताने तपासता येतील. १९७५ मध्ये व्हॉन प्रॅट यांनी दाखवलं की प्रत्येक मूळ संख्येला असा छोटा दाखला असतो. अवयव शोधणं अवघड, पण एकदा शोधून दिले की तपासणं सोपं. आम्ही दोघांनी तो दाखला लॅपटॉपवर पायरी-पायरीने चालवला. गृहस्थांनी आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची २००२ ची पद्धत वापरता का, असंही विचारलं. ती वापरत नाही. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे योगायोगाच्या आधाराविना, बेतशीर वेळात ठरवता येतं हे त्यांनी सिद्ध केलं, आणि तो सिद्धांत अजोड आहे. पण या एका संख्येपुरता प्रॅटचा दाखला कितीतरी लवकर तपासून होतो. चहा घेताना गृहस्थ म्हणाले, “हे अहवालात नसतं हो कुणाच्या. तुम्ही घाला.” तेव्हापासून आमच्या प्रत्येक अहवालाला तो दाखला परिशिष्ट म्हणून जोडला जातो.

आता काम बदलत चाललं आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली रीत चालवू शकेल असा क्वांटम संगणक उभा राहिला, तर २ चा २५५ वा घात वजा १९ वर आधारलेलं गुपित टिकणार नाही. संख्येत दोष निघाला म्हणून नव्हे. त्या वक्रावरचा प्रश्नच त्या संगणकाला सोपा पडेल. त्या तयारीत ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केम हे नवं मानक आलं. त्याची मूळ संख्या पाहून आमची मुलं चक्रावली: ३३२९. चार अंक. इथे सुरक्षितता संख्येच्या लांबीत नाही, हजारो छोट्या संख्यांच्या जाळीत आहे.

मग ३३२९ च का, हा प्रश्न आलाच. १ वजा करा: ३३२८, म्हणजे २५६ गुणिले १३. २५६ ने भाग जातो म्हणून या संख्येच्या जगात १ चं २५६ वं मूळ मिळतं, १७ हे त्यातलं एक, आणि त्याच्या आधारे २५६ पदांच्या बहुपदींचा गुणाकार झपाट्याने होतो. आधीच्या मसुद्यात ७६८१ होती; तिच्यातून १ गेला की ५१२ ने भाग जातो, म्हणून बहुपदी पार एकेका पदापर्यंत फुटत असे. ३३२८ ला ५१२ ने भाग जात नाही. त्यामुळे ती दोन-दोन पदांच्या १२८ जोड्यांपाशी थांबते आणि शेवटचा गुणाकार जोडीजोडीने करावा लागतो. संख्या लहान झाल्याने निरोप आखूड झाले, त्याची ही किंमत.

सध्या दोन्ही पद्धती एकत्र चालवतात, एक फुटली तरी दुसरी उभी राहावी म्हणून. बारक्या चिपच्या थोड्याशा मेमरीत थोरलीचे दहा तुकडे आणि ३३२९ च्या १२८ जोड्या एकाच वेळी कशा बसवायच्या, यावर लातूरची ती मुलगी आणि मी काम करतो आहोत. जोड्यांचा गुणाकार तिने लिहिला आहे. त्याचा वेळ गुपितावर कुठे अवलंबून राहतो का, ते मी तपासते आहे.